हा फोटो खरा की एआयचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, जत्रा, शाळेची गॅदरिंग यातच पंधरा-सोळा वर्षं गेली. गेली दोन-तीन वर्षं मात्र दुकानात येणारा दर दुसरा माणूस मोबाईल पुढे करतो आणि विचारतो, "ताई, हे खरं आहे का गो?" डिचोली, वाळपई, पेडण्याहून मेसेज येतात ते वेगळेच. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. वरपासून वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा, आणि जिथे दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय तिथे तेवढं जाऊन या.

१. एआयचा फोटो आणि डीपफेक एकच ना?

नाही. एआयचा फोटो म्हणजे मशीनने नव्याने तयार केलेला, त्यातली माणसं, जागा, प्रसंग काहीच खरं नसू शकतं. डीपफेक म्हणजे खऱ्या, जिवंत माणसाचा चेहरा किंवा आवाज घेऊन त्याने न केलेलं, न बोललेलं दाखवणं. शब्द २०१७चा आहे, रेडिट या इंटरनेटवरच्या चर्चेच्या साइटवर त्याच नावाने एकजण नट्यांचे चेहरे अश्लील व्हिडिओंवर चिकटवून टाकायचा, त्यावरून पडला, म्हणजे सुरुवातच बायकांच्या बदनामीपासून झालीय हे विसरू नका. आणि एक तिसरा प्रकार आहे ज्यात एआय अजिबात नसतं, फोटो खराच पण गाव आणि तारीख खोटी. माझ्याकडे येणाऱ्यांत तोच बराच असतो, त्याबद्दल प्रश्न ७ बघा.

२. पण बनतं कसं हे? फोटोशॉपच ना शेवटी?

फोटोशॉपमध्ये माणूस बसून कापतो-जोडतो. इथे मशीनला कोट्यवधी फोटो दाखवलेले असतात. २०१४ला एक पद्धत आली त्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांशी झुंजायचे, एक बनवायचा आणि दुसरा पकडायचा. २०२२पासून जे मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन वगैरे चित्रं बनवणारं एआय सगळ्यांच्या हातात आलं त्यात सुरुवात नुसत्या मुंग्या-मुंग्यांच्या चित्रापासून होते, जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की दिसायच्या तशा, आणि मशीन टप्प्याटप्प्याने त्या साफ करत चित्र बाहेर काढतं. 'हात असा दिसतो' हे त्याला माहीत असतं, पण हाताला हाडं असतात, कप धरला की बोटं त्याच्यामागे जातात, याचा हिशेब ते आपल्यासारखा करत नाही. म्हणून चुका वस्तूंमध्ये कमी आणि वस्तूंच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात जास्त सापडतात. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

३. बोटं मोजली की कळतं असं ऐकलंय, बरोबर आहे का?

दोन-तीन वर्षांपूर्वी बरोबर होतं. मार्च २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर फिरला, मिडजर्नीचा होता, त्यात हातातला कप आणि गळ्यातल्या क्रॉसची साखळी नीट बघितली तर गडबड दिसायची. आता हात बऱ्यापैकी नीट येतात. डोळ्यांच्या पापण्यांचंही तसंच झालं, २०१८मध्ये संशोधकांनी सांगितलं की डीपफेकमधली माणसं पापण्या मिटत नाहीत, आणि थोड्याच काळात ती मिटायला लागली. म्हणजे सहा बोटं दिसली तर फोटो खोटा समजा, पण पाच दिसली म्हणून खरा समजू नका. ही एकच गोष्ट मी दुकानात दिवसातून दहा वेळा सांगते.

४. मग फोटोत बघायचं तरी काय?

आधी मोठा करा. मोबाईलवर अंगठ्याएवढा फोटो बघून कुणालाच काही कळत नाही, मलाही नाही. मग चेहरा सोडून कडेला आणि मागे बघा, कारण चेहरा मशीन उत्तम काढतं. मागे उभ्या माणसांचे चेहरे वितळल्यासारखे आहेत का, खुर्चीचे पाय मोजून चार आहेत का, रेलिंगचा गज मधेच फुटपाथमध्ये विरघळतोय का. २२ मे २०२३ला अमेरिकेच्या पेंटॅगॉनजवळ, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा फोटो आला होता, तिथला शेअर बाजार काही मिनिटं खाली गेला त्याने, आणि त्यात कुंपण असंच जमिनीत मिसळलं होतं.

मग उजेड. हे आमच्या धंद्यातलं म्हणून जरा थांबून सांगते. भर दुपारच्या उन्हातला फोटो असेल तर सूर्य एकच असतो, त्यामुळे सगळ्या सावल्यांचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे. माझ्याकडे एक काका फोटो घेऊन आले होते, मंत्र्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे असा, एका व्यवहारात भरवसा वाटावा म्हणून त्यांना कुणीतरी पाठवलेला. मी तो ए-फोरवर प्रिंट काढला, पट्टी घेतली, आणि खांबाच्या टोकापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ मारली, मग मंत्र्याच्या डोक्यापासून त्याच्या सावलीपर्यंत, मग त्या तिसऱ्या माणसाची. ऊन सूर्याचं असेल तर अशा सगळ्या रेघा लांबवल्यावर एका ठिकाणी मिळतात, किंवा सूर्य अगदी बाजूला असेल तर समांतर जातात. पहिल्या दोन एका बाजूला गेल्या, तिसरी भलतीकडेच. काका काही बोलले नाहीत, प्रिंट घडी करून खिशात घातला आणि पैसे द्यायला गेलेच नाहीत. रात्रीच्या फोटोत ही युक्ती चालत नाही, कारण दिवे दहा असतात आणि सावल्याही दहा दिशांना.

डोळ्यांत चमकणारा उजेडाचा ठिपका बघा, दोन्ही डोळ्यांत साधारण सारखा आणि सारख्याच जागी असतो. कानातले जोडीने सारखे आहेत का, मंगळसूत्र मानेमागे कुठे जातं, साडीचा काठ खांद्यावरून पदरापर्यंत तोच राहतो की मधेच बदलतो. आणि अक्षरं! इंग्रजी पाट्या आता बऱ्याच नीट येतात, पण मागच्या दुकानांच्या बारीक देवनागरी पाट्यांवर अजून घोळ होतो, जोडाक्षरं तुटतात, मात्रा भलत्याच अक्षरावर चढतात, लांबून मराठी वाटतं आणि वाचायला गेलं तर शब्दच नसतो.

यातलं काही सापडलं तर चांगलंच, पण नाही सापडलं तर निकाल लागला असं नाही. तेव्हा प्रश्न ६.

५. गोव्याचा म्हणून फोटो फिरत असेल तर वेगळं काही बघता येतं का?

हो, आणि इथे आपला हात कुठलीच वेबसाइट धरू शकत नाही. मशीनने गोवा बघितलाय तो जाहिरातींतून आणि टुरिस्टांच्या फोटोंतून, आपण राहतो तो नाही.

देवळाचं घ्या. 'गोव्यातलं प्राचीन मंदिर' म्हणून जे फोटो येतात त्यात एक तर दक्षिणेकडचं उंच गोपूर असतं नाहीतर उत्तरेकडचं टोकदार शिखर. आपल्या मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला, म्हार्दोळच्या म्हाळसेला गेलेला माणूस बघताक्षणी सांगेल की आमच्याकडे घुमटाकार कळस, उतरती कौलं, पुढे तुळशीवृंदावन आणि दीपस्तंभ असं असतं, मंगेशीचा तर सात मजल्यांचा आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला, गिलावा नाही, तांबडा चिरा उघडा दिसतो, ती कुणी पांढरीशुभ्र दाखवली तर थांबा. पणजीला मांडवीवर शेजारी-शेजारी तीन पूल आहेत, दोन जुने आणि २०१९चा उंच अटल सेतू, तिथे एकच पूल दिसला की शंका घ्या. आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर समुद्रातून उगवणारा सूर्य! आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे सूर्य समुद्रात बुडतो, उगवत नाही. अशा 'गुड मॉर्निंग गोवा' फोटोंना शेकडो लाइक पडलेले मी बघितलेत.

गाड्यांचे नंबर वाचा. जीए ०३ म्हापसा, जीए ०५ फोंडा, जीए ०६ वास्को, भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं, पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलीला पिवळा रंग. चवथीला एकाने मला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगून बांधतात त्या चौकटीचा, फोटो पाठवला, 'आमच्या वाड्यावरची' म्हणून, दिसायला फार सुंदर, पण वर सफरचंदं, द्राक्षं आणि झेंडूचे हार टांगलेले, आंबाडे नाहीत, तोरिंजन नाही, सुपारीचा घोस नाही, निरफणस नाही. माझ्या आईने चष्मा न लावता सांगितलं, ही माटोळी कुणी बांधलेली नाही.

याची एक मर्यादाही आहे. मांडणी चुकली म्हणजे फोटो एआयचाच असं नाही, कदाचित खराच असेल पण कोकणातला, कारवारचा किंवा केरळचा असेल. गोव्याचा नाही एवढं मात्र नक्की होतं, आणि बऱ्याच वेळा तेवढंच हवं असतं.

६. फोटो मुळात कुठून आला हे कसं शोधायचं?

माझ्या मते हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फोटोतल्या खुणा दर सहा महिन्यांनी बदलतात, पण 'हा पहिल्यांदा कुणी टाकला?' हा प्रश्न जुना होत नाही.

फोटोवर बोट दाबून धरा, गूगल लेन्समध्ये उघडा, किंवा सेव्ह करून टिनआयच्या साइटवर टाका, टिनआयमध्ये सगळ्यात जुना फोटो आधी दाखवायची सोय आहे. पूर्ण फोटोने काही आलं नाही तर तुकडा कापून शोधा, नुसती इमारत, नुसती पाटी. व्हिडिओ असेल तर ठळक क्षणांचे दोन-तीन स्क्रीनशॉट काढून तेच करा. मग बघा की ही बातमी बाकी कुणी दिली का. गोव्यासारख्या छोट्या जागेत पूल पडला, बस दरीत गेली, बिबटा बाजारात आला, तर दहा मिनिटांत चार जणांच्या मोबाईलवरून चार बाजूंचे फोटो येतात. एवढी मोठी घटना आणि जगात फोटो एकच, एकाच कोनातून, तर मला तिथेच खटकतं. पेंटॅगॉनच्या वेळी हेच झालं होतं, एवढा धूर आणि दुसऱ्या कुणीच तो टिपला नव्हता.

आणि सगळ्यात साधा उपाय, ज्या गावाचं नाव आहे तिथे फोन करा. गेल्या पावसात रात्री साडेअकराला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाळपईच्या रस्त्यावर पट्टेरी वाघ बसलाय असा फोटो आला. म्हादईच्या जंगलात वाघ आहेत हे खरं, त्यामुळे सगळे घाबरले. मी वाळपईच्या मामीला फोन लावला, ती म्हणाली, "कसला वाघ, दुपारपासून लाईट नाही आमच्याकडे," आणि फोटोत रस्त्याचे सगळे दिवे लखलख पेटलेले होते.

७. फोटो खराच आहे, एआय नाही, तर मग खोटा कसा म्हणता?

कारण त्याच्याखाली लिहिलेलं खोटं असतं. दुसऱ्या राज्यातला जुना पूर 'आज साखळीत' म्हणून येतो, भलत्याच मारामारीचा व्हिडिओ 'काल रात्री मडगावात' म्हणून फिरतो. एआय शोधणारी साधनं इथे 'खरा फोटो' असंच सांगतील आणि ते बरोबरच असेल, म्हणून असा माल जास्त सहज पचतो. इलाज प्रश्न ६मधलाच. शिवाय ऋतू बघा, मे महिन्याची बातमी आणि झाडी हिरवीगार चिंब, किंवा जुलैची बातमी आणि मागे कोरडं माळरान, हे आपल्याकडे जमत नाही.

८. फोटोच्या आत तारीख-कॅमेरा असं सगळं लपलेलं असतं ना, ते बघून कळणार नाही का?

असतं, त्याला मेटाडेटा म्हणतात, पण व्हॉट्सअॅपने साध्या पद्धतीने पाठवला की ते पुसलं जातं. त्यामुळे ते नाही म्हणून फोटो खोटा असं म्हणता येत नाही, आणि ते सहज बदलताही येतं म्हणून आहे म्हणून खरा असंही नाही. ज्याने फोटो काढलाय असं सांगतात त्याच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. खऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटोही असतो, आम्ही फोटोग्राफर लोक कधी एकच क्लिक करत नाही.

९. व्हिडिओत कसं ओळखायचं?

आवाज बंद करून एकदा बघा आणि मग डोळे मिटून एकदा ऐका, दोन्ही एकत्र असलं की आपण वाहवत जातो. ओठ आणि शब्द जुळतात का, खास करून प, ब, म म्हणताना ओठ मिटले पाहिजेत. मान वळवताना जबड्याची कड थरथरते का, दात एकसंध पांढरी पट्टी होतात का, चेहऱ्याचा रंग आणि मानेचा रंग एक आहे का. नोव्हेंबर २०२३ला रश्मिका मंदानाचा म्हणून जो लिफ्टमधला व्हिडिओ पसरला तो दुसऱ्याच एका बाईचा होता, आणि लिफ्टमध्ये शिरताना अगदी सुरुवातीला चेहरा बदलताना दिसतो, पण थांबवत थांबवत बघितलं तरच. मार्च २०२२मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शरण या म्हणतायत असा व्हिडिओ आला, त्यात डोकं अंगाला न शोभणारं आणि धड जवळजवळ निश्चल होतं.

पूर्ण एआयने बनवलेल्या व्हिडिओंमध्ये लांबी बघा. मे २०२५ला गूगलचं व्हीओ ३ आलं ते आवाजासकट व्हिडिओ बनवायचं, पण एका वेळी ८ सेकंदांचा. सलग एकही शॉट आठ-दहा सेकंदांच्या वर जात नाही, दर थोड्या वेळाने कट, असं असेल तर सावध व्हा. कोपऱ्यात किंवा मधेच धुरकट पट्टा असेल तर तिथे बनवणाऱ्या अॅपची खूण पुसलेली असू शकते. बाकी वाघाच्या फोटोसारखंच, प्रश्न ६.

१०. व्हिडिओ कॉलवर समोर माणूस दिसतोय, तो पण खोटा असू शकतो?

असू शकतो. हाँगकाँगमध्ये २०२४च्या सुरुवातीला उघड झालेलं प्रकरण आहे, एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि मीटिंगमधली बाकीची माणसं बनावट होती. समोरच्याला सांगा की चेहऱ्यासमोरून हात फिरव, मान पूर्ण बाजूला वळव, उठून दिव्याखाली जा. यात चित्र बऱ्याचदा फाटतं, पण फाटलं नाही म्हणून विश्वास टाकू नका. पैशाचा विषय निघाला की कॉल कट करून आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावा. त्याने आत्ता दिलेला नंबर नाही, आपल्याकडचा जुना.

११. आवाजाचं काय? माझा मुलगा बोटीवर आहे, त्याच्या आवाजात फोन आला तर?

हा प्रश्न तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या लोकांच्या घरातून सारखा येतो आणि भीती खरी आहे. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं होतं. मुलाने कधी रील टाकला असेल तर तेवढा आवाज बाहेर आहेच. कानाने ओळखायला जाऊ नका, आईचा जीव मुलाचा आवाज ऐकला की विचार करत नाही, आणि ते लोक त्यावरच जगतात. त्यापेक्षा घरात एक शब्द ठरवून ठेवा. जन्मतारीख, कुत्र्याचं नाव असलं नको, ते फेसबुकवर असतं. आमच्या घरी एक जुन्या शेजारणीचं टोपणनाव आहे जे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. फोनवर रड, घाई, 'पप्पांना सांगू नको', 'लगेच जीपे कर' हे चार एकत्र आले की तो शब्द विचारा. सांगता आला नाही तर फोन ठेवा आणि एजंटला किंवा मुलाच्या सोबत्याच्या घरी फोन करा.

१२. डिटेक्टर वेबसाइटने '९२ टक्के एआय' सांगितलं, आता तर पक्कं ना?

नाही. समजा तुमच्याकडे १००० फोटो आहेत, त्यात २० खोटे, आणि साधन दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर. ते २०पैकी १९ पकडेल, पण ९८० खऱ्यांपैकी ४९ जणांवरही खोटा शिक्का मारेल. म्हणजे त्याने खोटे म्हटलेल्या ६८ फोटोंपैकी ४९ खरे निघाले. आणि ९५ टक्के हे मी हिशेबासाठी धरलंय, दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या, कापलेल्या, स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट असलेल्या फोटोवर अंदाज अजून ढासळतो. दोन-तीन साधनं वापरा, उत्तरं वेगवेगळी आली तर 'माहीत नाही' असं समजा. कुणावर आरोप करायला हा आकडा कधीच वापरू नका.

१३. मग थेट जेमिनीला किंवा चॅटजीपीटीला विचारू का?

नुसतं 'हा एआयचा आहे का' विचारलं तर ते आत्मविश्वासाने काहीही सांगू शकतात. एक अपवाद आहे. गूगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्याला न दिसणारी खूण असते आणि नोव्हेंबर २०२५पासून जेमिनी अॅपमध्ये ती तपासता येते. खूण सापडली तर ते चित्र गूगलच्या एआयने बनवलेलं किंवा बदललेलं आहे असं धरा. नाही सापडली तर एवढंच की गूगलची खूण दिसली नाही, दुसऱ्या कुणाच्या एआयचं असू शकतं. दुसरी व्यवस्था म्हणजे कन्टेन्ट क्रेडेन्शियल्स, त्यात फोटोबरोबर त्याची जन्मपत्रिका जोडलेली असते, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, कशात बदलला. २०२३मध्ये लायकाने असा कॅमेरा बाजारात आणला. कल्पना मला मनापासून आवडते, पण स्क्रीनशॉट काढला की ती गळून पडते, त्यामुळे आपल्या ग्रुपवर ती अजून फारशी पोचत नाही.

१४. माझा खरा फोटो लोक एआयचा म्हणतायत, काय करू?

हे दिवसेंदिवस वाढतंय आणि मला याचं फार वाईट वाटतं, पावसात तीन तास उभं राहून काढलेल्या फोटोखाली कुणीतरी दोन शब्दांत 'एआय आहे' लिहून जातं. जून २०२४मध्ये एका छायाचित्रकाराने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो मुद्दाम एका फोटो स्पर्धेच्या एआय गटात पाठवला आणि बक्षीस मिळवलं, नंतर खरा आहे म्हणून बाद झाला! मोबाईलही आता स्वतःहून पुष्कळ काही करतो, त्वचा गुळगुळीत, आकाश गडद, पाच फोटो जोडून एक. २०२३मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून हाच वाद झाला होता, एकाने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला तरी फोनने त्यावर खड्डे उमटवले. तर मग तो फोटो खरा की एआयचा? माझं उत्तर असं की प्रसंग घडला होता आणि तुम्ही तिथे होता तर फोटो खरा, पण सजवलेला. मूळ फाइल, आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा आणि दाखवा, बहुतेक वाद तिथे मिटतात.

१५. पुढारी पकडला गेला की 'माझा डीपफेक केलाय' म्हणतो, त्याचं काय?

डीपफेक आहेत हे सगळ्यांना माहीत झाल्यामुळे खरं नाकारणंही सोपं झालंय, अभ्यासकांनी २०१८-१९मध्येच हा धोका सांगितला होता. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न विचारा. व्हिडिओ टाकणाऱ्याला, मूळ आणि पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे? नाकारणाऱ्याला, त्या दिवशी त्या वेळी तुम्ही कुठे होतात? कार्यक्रम जाहीर असेल तर तिथे इतर मोबाईल होतेच. आपल्याला आवडणारा पुढारी असला की आपण 'डीपफेक' म्हणतो आणि नावडता असला की 'खरं' म्हणतो, हे मी माझ्या घरातही बघते, म्हणून उत्तर येईपर्यंत फॉरवर्ड करू नका एवढंच मागणं आहे.

१६. माझ्या मुलीच्या फोटोवरून घाणेरडा फोटो बनवलाय आणि धमकी येतेय. कुणाला सांगू?

आधी मुलीला जवळ घ्या. तिचं काहीही चुकलेलं नाही, फोटो टाकला ही चूक नाही, आणि हे तिला तुमच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे.

मग पैसे देऊ नका, एकदा दिले की पुन्हा मागतात. रागाने चॅट डिलीट करू नका. धमकीचे मेसेज, प्रोफाइलची लिंक, नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या फोनवर आलं तो फोन फॉरमॅट करू नका, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन जपलेला असेल तर ते काम सोपं जातं. मात्र मुलगी १८च्या आतली असेल तर तो फोटो कुणालाही, अगदी 'बघ काय झालंय' म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका, ते स्वतःच गुन्हा ठरू शकतं.

तक्रार राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर करता येते, बायका-मुलांच्या बाबतीत नाव न देताही करायची सोय आहे. गोव्यात रायबंदरला सायबर क्राईम पोलीस स्टेशन आहे, जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनवर गेलात तरी चालतं. आयटी कायद्याचं कलम ६७ आणि ६७ए अश्लील मजकुरासाठी, ६७बी मुलांच्या बाबतीत, ६६डी तोतयेगिरीने फसवणुकीसाठी. ६७एमध्ये पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. ज्या अॅपवर फोटो आहे तिथेही लगेच रिपोर्ट करा, नग्नता किंवा मॉर्फ केलेल्या फोटोची तक्रार त्या बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी केली तर २ तासांपेक्षा जास्त वेळ त्यांना घेता येत नाही, फेब्रुवारी २०२६पर्यंत ही मुदत २४ तासांची होती.

अजून पसरू नये म्हणून स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत साइट आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा आकड्यांचा ठसा तयार होऊन फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांना जातो आणि तोच फोटो तिथे कुणी टाकायला गेला तर अडतो. ती १८च्या वरच्यांसाठी, खालच्यांसाठी टेक इट डाऊन नावाची तशीच सोय आहे.

१७. अर्थमंत्र्यांचा, सचिनचा व्हिडिओ बघून पैसे भरले, आता?

हे वाचणं थांबवा आणि आधी १९३० लावा, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, नंतर बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेले लोक मी बघितलेत, त्या दोन दिवसांत पैसे पाच खाती फिरतात. निर्मला सीतारामन यांचा गुंतवणूक योजनेचा व्हिडिओ बनावट आहे हे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने सांगितलंय, आणि सचिन तेंडुलकरने जानेवारी २०२४मध्ये स्वतः लिहून कळवलं होतं की गेमिंग अॅपची जाहिरात करणारा तो व्हिडिओ खोटा आहे. चांगल्या शिकलेल्या माणसांनीही यात पैसे घातलेत. चेहरा ओळखीचा आणि फायदा हमखास, हे दोन एका व्हिडिओत आले की तो कितीही खरा दिसू दे, पैसे नाहीत.

१८. देवाचा सुंदर एआय फोटो पाठवला तर त्यात काय वाईट? कुणाचं नुकसान तर नाही?

चित्र म्हणून पाठवत असाल तर काहीच नाही, आपल्याकडे देवाची चित्रं काढत आलेतच की. अडचण 'काल रात्री अमुक देवळात असं दर्शन झालं' लिहिल्यावर होते, कारण मग लोक तिथे जातात, पुजाऱ्यांना विचारतात, आणि न सापडल्यावर भांडणं होतात. खाली 'एआय चित्र' एवढे दोन शब्द लिहा, पुरे.

१९. ग्रुपवर मोठ्यांनी खोटं टाकलं तर त्यांना कसं सांगायचं? राग येतो त्यांना.

ग्रुपवर नको, चारचौघांत चूक दाखवली की माणूस फोटोचं नाही, स्वतःच्या मानाचं रक्षण करायला लागतो. खाजगीत फोन करा. आमच्या मोठ्या काकांनी एकदा उपचारासाठी मदत मागणारा एका बाळाचा फोटो टाकला होता, खात्याच्या नंबरासकट. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, तुम्हाला दया आली म्हणून तुम्ही टाकलात, पण पैसे त्या बाळापर्यंत जात नाहीत, आपण दोघांनी मिळून बघूया का?" संध्याकाळी ते दुकानात आले, मी लेन्स कसं लावायचं दाखवलं, त्यांनी स्वतःच्या हाताने तो फोटो शोधला आणि तेच बाळ तीन वेगवेगळ्या नावांनी, तीन गावांचं म्हणून समोर आलं. त्यांनी तिथेच बसून ग्रुपवरचा मेसेज काढला. आता ते मला फोटो पाठवतात ते टाकायच्या आधी, आणि खाली लिहितात, "बाय, हो बघून सांग."